लाईट नव्हतीच

“लाईटच नव्हती, मॅडम, तर लाईट लागंल कशी?” कुंडलिकने विचारलं, आणि अंगणात बसलेल्या सगळ्यांनी माना हलवल्या.

जगनसुद्धा मान हलवत होता. जगन माझा चुलतभाऊ. त्याची बायको सावळी जाऊन तिसरा दिवस होता. सकाळीच राख सावडून माणसं परतली होती, ओले पंचे वळणीवर होते. कुंडलिक चहापत्ती आणि साखरेचा पुडा घेऊन भेटायला आला होता. भेटायला, आणि सांगायला, की आज दुपारी तो वरच्या रिसॉर्टची लाईट चालू करणार आहे. उद्या शनिवार. पाहुणे यायचे होते.

“दिवे नव्हते,” मी म्हणाले. “तारेत वीज होती.”

“बघा!” तो सगळ्यांकडे वळून हसला. “मॅडमपण वीजच म्हणतात. मग आमी दुसरं काय म्हणतोय? वीज पडली.”

कुणी हसलं नाही, पण कुणी रागावलंही नाही. मला त्याच्या हातातली कपबशी काढून घ्यावीशी वाटली. मी काही केलं नाही. मला राग आला की माझा आवाज आणखी खाली जातो, आणि मग समोरच्याला वाटतं की हिला काही म्हणायचंच नाही.

कुंडलिक शहापूरकडचा. लायटीची कामं घेणारा, सगळ्या पाड्यांना ठाऊक असलेला माणूस. डोळखांबच्या पुढे आमच्या पाड्याच्या डोक्यावर मुंबईच्या कुणीतरी रिसॉर्ट बांधलं, त्याचे खांब, तारा, ट्रान्सफॉर्मर सगळं त्यानेच उभं केलं. दोन खांबांच्या मध्ये चढवलेल्या त्या ट्रान्सफॉर्मरला सगळे डीपी म्हणतात. ही डीपी पाड्याची नाही, रिसॉर्टची. पाड्याची वेगळी आहे, खाली शाळेजवळ.

आता शब्दांचं सांगते, कारण सगळं त्यातच अडकलं होतं. आमच्या पाड्यात ‘लाईट’ म्हणजे दिवा, पंखा, मीटर, बिल, आणि उघड्या तारेला हात लागला की बसतो तो झटकाही. ‘वीज’ म्हणजे फक्त आभाळातली. मी मुरबाडच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. फळ्यावर मी दोन्हींना वीजच लिहिते, कारण ती एकच आहे. कुंडलिकला पाड्याची बोली येते आणि हवालदाराची भाषाही येते. सावळी गेली त्या सकाळी तो हवालदाराच्या आधी पोचला होता. जगन शहापूरला बांधकामावर होता, घरात मोठं माणूस म्हणजे फक्त सावळीची सासू, माझी धोंडीबाई काकी. कुंडलिकने हवालदारासमोर तिला विचारलं, “मावशी, वीज पडली ना गो?”

“पडली,” काकी म्हणाली.

पडलीच होती. आदल्या संध्याकाळी, वरच्या, तारांजवळच्या ऐनाच्या झाडावर. सगळ्या पाड्याने बघितली होती.

“आणि रिसॉर्टची लाईट तवाच गेली ना?”

“गेली.”

दोन्ही उत्तरं खरी होती. हवालदाराला तिसरा प्रश्न सुचला नाही. त्याने लिहिलं, वीज पडून मृत्यू. काकीला ते वाचून दाखवलं तेव्हा ती समोर निजवलेल्या सुनेकडे बघत होती.

*

त्या संध्याकाळी काय झालं ते मी काकीकडून, शेजारच्या हिराबाईकडून, जगनच्या पोरीकडून, एकेकीकडून वेगवेगळं ऐकून घेतलं. सगळ्यांचं एकच येतं. वरच्या शेतात कापलेलं भात पसरलेलं होतं. परतीचा पाऊस आला म्हणून सासू-सुनांनी ते प्लॅस्टिकच्या कागदाखाली घातलं. मोठा कडाका झाला. रिसॉर्टचे दिवे गेले, पाड्याचेही गेले. दोघी घरी आल्या. सावळीने नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी केली, पोरीसकट तिघी जेवल्या. रात्री पाड्याची लाईट आली. रिसॉर्टची आली नाही, वरती सगळा काळोख. पहाटे सावळी कागद उडाला की काय ते बघायला शेताकडे निघाली. पाऊस नव्हता. लांब, माळशेजच्या अंगाला, चमकत होतं.

शेताची जुनी वाट रिसॉर्टच्या कुंपणात गेली आहे. आता वाट कुंपणाला खेटून डीपीच्या खांबाशी येते आणि तिथे एक उभी चढण आहे. मातीत खणलेल्या पायऱ्या, पावसाने गुळगुळीत झालेल्या. चढताना हाताला काहीतरी लागतं. खांबावरून एक लोखंडी पट्टी खाली उतरते, बोटभर रुंद, हाताला बरोबर येते. सगळा पाडा तिला धरून चढतो. सावळीनेही धरली. तिच्या मनात भीती असायचं कारणच नव्हतं, लाईट नव्हती.

हिराबाई तिच्यामागून शेताकडे निघाली होती. तिनेच तिला बघितलं.

मी मुरबाडहून शहापूरला आले तेव्हा सावळी दवाखान्यात होती, पांढऱ्या चादरीखाली. मी तिचा उजवा हात बघितला. तळव्यावर आडवी, सरळ, काळी जळलेली रेघ होती. कडा दोन्ही बाजूंनी सारख्या. मी माझं बोट त्या रेघेवर ठेवून बघितलं. बोटभर.

आभाळातली वीज माणसावर अशी पट्टी काढत नाही.

*

“कुंडलिकभाऊ,” मी म्हणाले, “चालू करायच्या आधी मला ती डीपी बघायची आहे.”

“बघा की. तिकीट नाय लावलं.” तो उठला, कपडे झटकले. “पण मॅडम, तुमी फळ्यावर शिकवा, खांबावर आमी शिकवतो. वीस वर्षं गेली माझी यात.”

जगन उठला. काकी उठली. हिराबाईने पदर खोचला आणि म्हणाली, “चला, बघू तरी. कुंडल्या शिकवायला लागला म्हणतोय.” तिच्यामागे आणखी आठ-दहा जणी निघाल्या. पुरुष थोडे मागे राहिले. त्यांना रिसॉर्टवर माळ्याची, राखणदाराची कामं मिळालेली होती.

वाटेत जगन माझ्या शेजारी आला. “भावी, तू कशाला वाद घालतेस? आता काय ती परत येणार हाय? वीज पडली. नशीब तिचं.”

“आज चार वाजता हे चालू होईल,” मी म्हणाले. “उद्या सकाळी तुझी पोरगी या वाटेनं शेतात जाईल. ती पण पट्टी धरून चढेल.”

त्याची मान हलायची थांबली.

माझा राग कुंडलिकवर होताच, पण सगळ्यात जास्त त्या वाक्यावर होता. लाईट नव्हती, तर लाईट लागेल कशी. ते इतकं सरळ वाटतं की त्यापुढे कुणी विचारच करत नाही. आणि ते खोटं आहे हे सांगायला मला जे सांगावं लागणार होतं ते मी आयुष्यातली सहा वर्षं शिकले होते, आणि ते कुणाच्या तरी जिवाशी येऊन ठेपेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

मुंबईच्या प्रयोगशाळेत मी जस्ताच्या ऑक्साइडच्या चकत्या भाजायचे. पांढरी पूड, त्यात चिमूटभर बिस्मथ आणि आणखी दोन-तीन धातू, दाबून पेढ्यासारखी चकती करायची आणि भट्टीत घालायची. आत बारीक कण तयार होतात. प्रत्येक कणातून वीज सहज जाते. पण दोन कणांच्या मधली जी पातळ सीमा असते तिच्यातून जात नाही. अशा असंख्य सीमा एकामागे एक, म्हणून नेहमीच्या दाबाला ती चकती विजेला दगडासारखी आडवी असते. दाब ठरावीक हद्दीपुढे गेला, म्हणजे तारेवर आभाळातली वीज येऊन पडली, की त्या सगळ्या सीमा एकदम वाट देतात. चकती धातूसारखी वागते, सगळा लोंढा जमिनीत सोडते, आणि दाब उतरला की परत दगड. पापणी लवायच्या आत. अशा चकत्या एकावर एक रचून, रबरी कड्यांच्या नळीत घालून, प्रत्येक तारेशी एक दांडा टांगतात. त्याला अरेस्टर म्हणतात. वायरमन लोक एलए म्हणतात.

कधी कधी चकती परत येत नाही. आतून केसाएवढी वितळलेली वाट पडते, बाहेरून चकती धडधाकट दिसते. प्रबंधात मी अशा चकत्यांबद्दल एक वाक्य लिहिलं होतं: ‘अशी चकती पुढे उपयोगाची राहत नाही.’ चढणीला लागताना ते वाक्य मला आठवलं आणि किळस आली.

*

डीपीशी पोचलो. ट्रान्सफॉर्मर मुका होता. खांबाच्या बुडाशी स्विचचा लोखंडी दांडा खाली ओढलेला, कुलूप लावलेलं; सावळी सापडल्यावर कुंडलिकनेच तो बंद केला होता. पायऱ्यांवर कुणीतरी हळद-कुंकू वाहिलं होतं.

मी पट्टीचं खालचं टोक शोधायला वाकले. ती जमिनीत खोल जायला हवी होती. खांबाशी खड्डा, खड्ड्यात कोळसा आणि मीठ, त्यात पट्टी, वरून पाणी. हे गावातल्या प्रत्येक वायरमनला माहीत असतं. पट्टी वीतभर मुरुमात गेली होती. मी एक धोंडा बाजूला केला. तिचं टोक वर आलं, वळवून धोंड्याखाली दाबलेलं.

“हे काय?” हिराबाई म्हणाली.

“अर्थिंग,” कुंडलिक म्हणाला.

“ही? हिचा खड्डा कुठं हाय? कोळसा-मीठ घालतात ना, खाली शाळंच्या डीपीला घातलंय, आमी बघितलंय. तू मीठ कुठं टाकलंस, कालवणात?”

बायका हसल्या. कुंडलिकही हसला. “खाली कातळ हाय, आजी. खणता येत नाय.”

“शेताचा बांध घालताना आमी खणतो तो कातळच ना रे मग? का आमचा कातळ मऊ?”

मी वर बघितलं. तीन अरेस्टर रांगेत. दोन स्वच्छ. मधल्याच्या रबरी कड्यांवरून एक काळा ओघळ खालपर्यंत आला होता, काजळाची धार यावी तशी. मी मोबाइलवर फोटो मोठा करून जगनला दाखवला.

“जगन, बांध कसा असतो?” मी विचारलं.

“म्हंजे?”

“पावसात खाचर भरलं, पाणी बांधावरून गेलं. मग काय होतं?”

“जातं. पाऊस थांबला का बांध हायेच. पाणी परत आडतं.”

“आणि बांध फुटला तर?”

“तर मग काय. पाणी थांबतच नाय. खाचर रिकामं व्हईपर्यंत वाहतंच.”

“तो मधला दांडा बांध आहे. आभाळातली वीज आली तेव्हा तिला वरून जाऊ द्यायची आणि परत आडवून उभं राहायचं, एवढंच त्याचं काम. तो फुटलाय. आभाळातली वीज गेली, पण मागून तारेतली लाईट त्याच्यातून वाहत राहिली. रात्रभर. या पट्टीत.”

काकी माझ्या तोंडाकडे बघत होती. मी मुद्दाम लाईट म्हणाले होते.

“पण लाईट नव्हती ना गो,” ती म्हणाली. “रिसाटवर काळोख व्हता. मी सोता बघितला.”

“काकी, लाईट येते कशी ते बघ.” मी बोटाने दाखवलं. “तिथून तार येते. मग हा स्विच. त्याच्यापुढे हे तीन दांडे. त्याच्यापुढे फ्यूज. मग डीपी, आणि मग रिसॉर्ट. त्या संध्याकाळी फ्यूज उडाला. फ्यूजच्या पुढं सगळा काळोख झाला. हे दांडे फ्यूजच्या अलीकडे आहेत. तिथपर्यंत लाईट होतीच. पाड्यात रात्री लाईट आली ना? त्याच तारेवरून येते ती.”

हिराबाई बोट वर धरून स्वतःशी मोजत होती: तार, स्विच, दांडा.

“मोट्या पाटाला पाणी, आन आपल्या खाचराचं तोंड बुजवलेलं,” ती म्हणाली. “आपलं खाचर सुकं म्हणून पाट सुका नाय.”

“हां.”

“ह्यॅ!” कुंडलिक पुढे आला. आता तो हसत नव्हता. “मॅडम, असं असतं तर मागचं सबस्टेशन ट्रिप नसतं झालं? सगळ्या लायनीची लाईट गेली असती.”

“पट्टी नीट जमिनीत असती तर गेली असती,” मी म्हणाले. “भरपूर करंट गेला असता, मागे कळलं असतं, लाईन बंद झाली असती, आणि सावळी आज भात झोडत असती. वरवरच्या वीतभर मुरुमातून करंट जेमतेम जातो. म्हणून कुणाला कळलं नाही. पट्टी नुसती भरून उभी राहिली.”

माझा आवाज इतका खाली गेला होता की तो ऐकायला वाकला.

“मी टेस्ट घेतलीय,” तो म्हणाला. “मीटर लावून. तिन्ही एलए ओके हायेत.”

“तुमच्या मीटरमध्ये नऊ व्होल्टची बॅटरी असते. तारेत बावीस हजार. नऊ व्होल्टला हा फुटलेला दांडाही दगडच दाखवणार. एवढ्याशा पाण्याला फुटका बांधही पुरतो. तुम्हाला हे माहीत आहे. वीस वर्षं झाली ना तुम्हाला?”

त्याचा मोबाइल वाजला. तो चार पावलं लांब गेला. “हो साहेब. हो साहेब, पंधरा मिनिटांत. नाय, लोक हायेत थोडे, त्यांना समजावतोय.” परत आला तो खिशातून किल्ली काढतच.

“हे बघा,” तो सगळ्यांना म्हणाला, “पोलिसांचं झालंय. दवाखान्याचं झालंय. फ्यूज मी नवा टाकलाय. मी काय तुमचा दुश्मन हाय का? मावशीच्या घरी मी चहा पितो. मॅडम शिकल्यात, त्यांना प्रत्येक गोष्टीत शंका. त्या संध्याकाळी मुरबाडला जातील. तुमाला रिसॉर्ट पायजे का नको? पोरं कामाला लागल्यात ती घरी बसवायचीत का?”

मागे उभ्या पुरुषांत हालचाल झाली. एकजण म्हणाला, “जाऊ दे ना जगन, चालू करू दे त्याला.”

कुंडलिक कुलपाशी वाकला.

मला ओरडता येत नाही. वर्गात पोरं गोंधळ करतात तेव्हाही मी गप्प उभी राहते, ती आपोआप थांबतात. इथे गप्प राहून काही होणार नव्हतं. त्याने किल्ली फिरवली. कुलूप निघालं.

“कुंडलिकभाऊ,” मी म्हणाले. “एका हातानं पट्टी धरा आणि मग दुसऱ्या हातानं स्विचचा दांडा वर करा.”

त्याने वर बघितलं. “काय?”

“चढताना सगळे धरतात. तुम्हीपण धरा. काही नाही ना तिच्यात?”

“मी कशाला धरू? माझं काय ते काम हाय? डीपीला हात लावू नये असा बोर्ड लिवलाय.”

“कुठं लिवलाय?” हिराबाईने विचारलं.

बोर्ड होता. कुंपणाच्या आतल्या बाजूला, रिसॉर्टकडे तोंड करून, लाल कवटीसकट. वाटेच्या बाजूला त्याचं पत्र्याचं पाठाड होतं.

“पाव्हण्यांना वाचायला,” हिराबाई म्हणाली. “आमी काय, आमची हाडं आयतीच दिसत्यात.”

कुंडलिकने बोर्डाकडे बघितलंच नाही.

“मी धरणार नाय,” कुंडलिक म्हणाला. “आणि तुमीपण बाजूला व्हा. सगळे लांब व्हा. चालू करताना लांबच व्हायचं असतं.”

त्याने दोन्ही हात दांड्यावर ठेवले.

आणि धोंडीबाई काकी पुढे गेली. तिने काही सांगितलं नाही. पायऱ्यांशी जाऊन, रोज शेतात जाताना धरावी तशी, तिने ती पट्टी उजव्या हाताने धरली.

“काकी!” मी ओरडले. माझा तो आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. “काकी, सोड ती! सोड!”

“गप गो.” ती माझ्याकडे न बघता म्हणाली. “तू म्हणतेस लागंल. ह्यो म्हणतो लागत नाय. त्याला ठावं असंल ना. कर रे चालू.”

कुंडलिक तसाच वाकलेला. दांड्यावरच्या त्याच्या बोटांची नखं पांढरी झालेली मला दिसत होती.

“मावशी, सोड गो. खेळ नाय हा.”

“लाईट नव्हती तवा माझी सून लायटीनं नाय मेली, असंच ना? मग माझं काय व्हतंय? कर.”

“मावशी…”

“त्या हवालदारासमोर मला इचारलंस, वीज पडली ना गो. मी व्हय म्हनले. आता मी इचारते. कर चालू.”

मी काकीचं मनगट धरून ओढलं. ती हलली नाही. साठीतली बाई, आयुष्यभर भाताचे भारे वाहिलेली, तिचे पाय त्या पायरीत रुतल्यासारखे होते. मला एकच कळत होतं. त्या माणसाचे हात वीतभर वर गेले तर माझ्या हातातही ते येईल. मी मनगट सोडलं नाही. सहा वर्षं शिकून, सगळं बरोबर सांगून, शेवटी हे असं एका म्हातारीला स्वतःच्या हाताने तपासून दाखवावं लागत होतं.

हिराबाई आली. तिने पट्टी काकीच्या हाताच्या वर धरली. मग आणखी एक बाई. पट्टीवर जागा उरली नाही तेव्हा मागच्यांनी पुढच्यांचे दंड धरले.

कुंडलिकने दांडा सोडला. आधी एक हात, मग दुसरा. तो मागे सरकला, तळवे पँटला पुसले आणि म्हणाला, “याड लागलंय तुमाला. सगळ्यांना याड लागलंय.”

“केलं नाय मग?” काकीने विचारलं.

तो आणखी एक पाऊल मागे सरकला.

“का नाय केलंस?”

जगन इतका वेळ दोन्ही हात छातीवर बांधून उभा होता. तो सावकाश पुढे आला. मला वाटलं आता तो कुंडलिकला मारणार, आणि मी अडवणार नव्हते. त्याने मारलं नाही. त्याने खाली पडलेलं कुलूप उचललं, खाली ओढलेल्या दांड्याला लावलं, दाबलं आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

“तो मधला दांडा उतरव,” तो म्हणाला.

“उद्या माणसं आणतो. कंपनीची परवानगी लागते, लाईन मागून बंद करून घ्यावी लागते…”

“घे की बंद करून. मोबाइल हाय ना? साहेबाला लावतोस तसा लाव.”

“जगन, ऐक माझं. तुझं दुःख मला कळतं…”

“नाय कळत,” जगन म्हणाला. “आता उतरव. तिन्ही उतरव. भावी नेईल ते, जिथं न्यायचं तिथं. आणि खड्डा खण. कातळ लागला तर आमच्याकडं पहार हाय.”

कुंडलिकने पुरुषांकडे बघितलं. मघाशी जाऊ दे म्हणणारा खाली मुरुमाकडे बघत होता. मग त्याने मोबाइल काढला आणि बराच वेळ कुणाशी तरी खालच्या आवाजात बोलला. खाली पाड्यात कुणाच्या तरी घरात चालू असलेला रेडिओ मध्येच बंद पडला. मागून लाईन बंद झाली होती. बायकांनी एकेक करून पट्टी सोडली. काकीने सगळ्यात शेवटी सोडली, आणि आपला तळवा उघडून बघितला. त्यावर गंजाचा तांबूस पट्टा उठला होता.

जगनने कुंपणाशी उभ्या कुंडलिकच्या पिकअपमधून शिडी आणली, खांबाला लावली आणि बुडाशी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. कुंडलिकने पाना घेतला, दोर घेतला. मग तो परत गाडीपाशी गेला, सीटखालून एक पिशवी काढली. तिच्यातून लाल रबरी हातमोजे निघाले, जाड, कोपरापर्यंतचे, नवेकोरे. त्यांची पावडर अजून झडली नव्हती. शिडीपाशी येऊन तो ते चढवू लागला.

“लाईट बंद हाय ना, शेठ?” जगनने विचारलं.

“बंद हाय.”

“स्विचचा दांडा खाली हाय?”

“हाय.”

“कुलूप हाय. मागून पण बंद केलंस. पाड्यातपण नाय.”

“नाय म्हणून सांगतोय ना!”

“मग मोजे कशाला?”

कुंडलिकने दुसरा मोजा कोपरापर्यंत ओढला. पट्टीला अंग लागणार नाही अशा बेताने वळसा घेऊन तो शिडीच्या दुसऱ्या अंगाने आला आणि पहिल्या पावटीवर पाय ठेवला.

“मोजे कशाला रे?” जगन पुन्हा म्हणाला. तो शिडी घट्ट धरून होता, आणि शिडी थरथरत होती.